सरदाबातलं पाणी

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता
महबूलात भोंगा वाजतो.
तीन सूर : संकट येतंय, आलंय, गेलंय.
कबुतरं तिन्ही वेळा उडतात.
मी चहा खाली ठेवत नाही.

टेबलावर दोन फायली.
हिरवी : नवे भोंगे, चौदा.
पिवळी : ब्लॉक तीनचा गटारपंप, एकच, जळालेला.
पैसे एकीपुरतेच
आणि वर्षअखेर तोंडावर.

शुक्री हिशेबनीस म्हणाला, वांगडे, पिवळी खाली ठेव.
वरच्या फायलीवर साहेब सही करतात, खालची वाचतात;
आणि वाचलेल्या फायलीवर
कुणी सही केलेली पाहिलीयस कधी?

साहेब म्हणजे अबू नवाफ.
नव्वद सालच्या ऑगस्टात आठ वर्षांचा होता.
रणगाडे आले त्या पहाटे
त्याच्या गल्लीत कसलाच आवाज झाला नाही म्हणे,
बाप खुब्ज आणायला गेला
तो आजही गेलेलाच आहे.
हे त्यानं एकदाच सांगितलं, प्रिंटरमध्ये कागद भरता भरता.
तेव्हापासून हिरव्या फायलीला भपका म्हणायला
माझी जीभ रेटत नाही.

पण ब्लॉक तीनही मी बघून आलो होतो.
जिन्याच्या तोंडाशी विटा मांडून
बायका एकेक पाय टाकत होत्या,
बकाल्यातली तांदळाची पोती खाटेवर चढलेली,
आणि येल्लय्या कंबरेला दोर बांधून
मॅनहोलात उतरता उतरता म्हणाला,
साहेब, हे कुठल्या देशानं केलं?
हसलो आम्ही.
वास होता म्हणून तोंड मिटून.

रात्री दाभोळहून बहिणीचा फोन.
तिकडे टीव्हीवर सीमा पेटलेली,
ओरडून ओरडून बातमीवाल्याच्या घशाला कोरड
आणि नळालाही, चार दिवस.
म्हणाली, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.
मी म्हटलं, घोडं खरंच आलं असेल तर, रुबिना?
ती म्हणाली, मग त्यालाही पाणी लागेलच की.

हिरवी मंजूर झाली.
वर मीच ठेवली होती.

मग एका रात्री,
सोमवार नव्हता, दहा वाजले नव्हते,
चौदाच्या चौदा भोंगे वाजले. खणखणीत.
पैसे वाया गेले असं कुणाच्यानं म्हणवणार नाही.
आभाळात दोन रेघा एकमेकींना भेटल्या,
पांढरा ठिपका झाला,
खिडक्यांच्या काचा दातांसारख्या वाजल्या.
लिसम्मा नर्स गणवेशातच,
तिसऱ्या मजल्यावरचे बंगाली, त्यांचा आजारी म्हातारा,
बगलेत पासपोर्टची पिशवी मारून मी,
सगळे सरदाबाकडे धावलो.

दार उघडलं.
पाणी.
वरून चौथ्या पायरीपर्यंत, काळं, न हलणारं,
त्यावर एक चप्पल
आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फुगा.

तीन पायऱ्यांवर एकवीस माणसं उभी राहिलो.
कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत कळेना.
लिसम्मानं विचारलं, वर की खाली?
जणू लिफ्टच्या दारात उभी आहे.
कुणी बोललं नाही.
एका पोराला मुतायला लागली होती,
आईनं त्याला पाण्याकडे तोंड करून उभं केलं.
हा आवाज आणि वरचा आवाज,
बराच वेळ दोन्ही ऐकत होतो.

सकाळी अबू नवाफनं विचारलं, कुठपर्यंत होतं?
चौथी पायरी, मी म्हणालो.
तो काही बोलला नाही.
बोटानं हवेत पायऱ्या मोजल्या,
मग म्हणाला, पिवळी आण.

तिच्यात पैसे नव्हते, हे त्यालाही ठाऊक होतं.
तरी उघडली. चष्मा लावला.
पहिल्या पानावर येल्लय्याचा अंगठा,
दुसऱ्यावर चिखलाचा डाग, माझ्याच बुटाचा.

तो वाचू लागला.
शुक्रीनं काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं
आणि मान हलवली.